लाल दिव्यापुढची आई

"दिवा लागला की बटण दाबायचं, आजी. दुसरं काही करायचं नाही."

डॉक्टरांचा तो आवाज अजून कानात आहे. बहिऱ्याशी बोलावं तसा मोठा. माझी आई बहिरी नव्हती.

आई शिरड शहापूरला एकटी राहायची. चक्कर येऊन पडली म्हणून तातेरावानं, माझ्या धाकट्या भावानं, तिला हिंगोलीला दवाखान्यात आणलं. तिथं औरंगाबादहून हे डॉक्टर मेंदूचं मशीन घेऊन आलेले. म्हाताऱ्या माणसांचं लक्ष किती वेळ टिकतं ते त्यांना मोजायचं होतं. आईचं टिकलं नाही तर तिला गावी सोडायचं नाही, चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही, आपल्या घरी मागच्या खोलीत ठेवून घ्यायचं, असं तातेरावानं ठरवूनच टाकलं होतं. आईनं माझा हात धरून एवढंच मागितलं, मला माझ्या घरी ने. मी हो म्हटलं.

डोक्याला चिकट मलम फासून तारा डकवल्या. कागदावर शाईच्या रेघा धावू लागल्या. समोर लाल दिवा लागला. आईनं पदर सावरला आणि हात जोडले. बटण मांडीवरून घसरलं. पुन्हा लागला, पुन्हा जोडले. कधी लगेच लागे, कधी किती तरी वेळानं. ती चुकली नाही. हात हलले की रेघा उसळत आणि डॉक्टर कपाळाला आठ्या घालत. मधेच ते चहात साखर कमी म्हणून नर्सवर कुरकुरले. तेवढ्यात एक दिवा लागून गेला. त्यांनी पाहिला नाही, आईनं पाहिला.

माझा सोमवार होता. उपासाच्या दिवशी मी कुणाला वाईट बोलत नाही. हळूच म्हटलं, "साहेब, ती दर दिव्याला हात जोडून राहिली."

"दिसतंय ना मला. म्हणूनच सांगतो, लक्ष नाही. बटण एकदाही दाबलं नाही."

एवढं शिकून माणसाला एवढंच दिसावं. मला कीव आली नाही, किळस आली.

मी आईच्या कानाशी लागले, हा देवाचा दिवा न्हाई, बटण दाब.

"दिवा कुणाचा का असंना, बाई. लागल्यावर हात जोडायचे न्हाई व्हय?"

पुन्हा एकदा मोजा म्हणून विनवलं, तर कागद महाग असतो म्हणाले आणि पुढच्या म्हाताऱ्याला हाक मारली.

तातेराव मान डोलवत होता. "अक्का, मशीन खोटं बोलत न्हाई."

मशीन बिचारं काही बोललंच नव्हतं. बोलला तो चहा पिणारा. सगळ्यांची तपासणी उरकल्यावर त्याचीच बॅग उचलून माझा भाऊ लाचारासारखा मागं मागं जीपपर्यंत गेला.

मी कोमट पाण्यानं आईच्या केसांतलं मलम काढलं, वेणी घातली. तिच्या गाठोड्यात माझ्या पिशवीतली दोन लुगडीही टाकली. तातेराव कुठं गेला, तिनं विचारलं. येईल मागून, म्हटलं.

तिच्या पायांत वहाणा सरकवल्या, हात धरला, आणि आम्ही दोघी एसटी स्टँडाच्या वाटेला लागलो.