आजीचा हलका हात

माणूस गेला की त्याचे दुर्गुण त्याच्याआधी घर सोडतात. आजी जाऊन आठवडा व्हायच्या आतच ती शांत, मितभाषी आणि गायीसारखी गरीब बाई होऊन बसली होती.

"कधी आवाज चढवला नाही हो त्यांनी," शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या. याच काकूंना त्यांच्या पायाला टाके पडले होते तेव्हा आजीने भर जिन्यात दम दिला होता, "पुन्हा पट्टी भिजवून आलीस, तर पाय तुझ्या हातात देऊन घरी पाठवीन!" तो आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला होता. काकू तळमजल्यावर राहतात.

आल्यागेल्यांच्या या कौतुकाला आजोबा फक्त मान हलवायचे. एरवी ते खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले असायचे. त्यांचं इन्सुलिन आजी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ तिच्या हातचं. आता ते कुणालाच हात लावू देत नव्हते. मुलगा समजूत घालायला गेला, "अण्णा, अजिबात दुखणार नाही," म्हणाला. आजोबांनी सदरा खाली ओढला. सून गेली. तिने तर साखरेच्या रुग्णाशी बोलतानाही आवाजात पाक घातला. सदरा खालीच. शेवटी दवाखान्यातून एक ब्रदर बोलावला. त्याच्याकडे आजोबांनी असं पाहिलं, की बिचारा चहा पिऊन, स्वतःचंच ब्लडप्रेशर वाढवून परत गेला.

परवाचा दिवस गेला, काल गेला. साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा सकाळी फोनवर सांगितला तेव्हा डॉक्टरांनी तो पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "दुपारच्या जेवणाआधी घेतलं नाही, तर संध्याकाळी ॲडमिट करावं लागेल. आणि या वयात, या मनःस्थितीत माणूस आत गेला की..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. डॉक्टर लोक अर्धं वाक्य सोडतात तेव्हा ते पूर्ण वाक्यापेक्षा जड असतं.

हे सगळं नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती रेडिओवर बातम्या वाचायची. धरण फुटो की सामना जिंको, तिचा आवाज इस्त्री केलेला. आजी तिला 'बातमी' म्हणायची. "आमची बातमी लग्नात नवऱ्यालाही 'आणि आता हवामान' म्हणेल," असं पाहुण्यांसमोर सांगायची. आजीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने बातमीला इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं. टोपलीभर संत्र्यांवर सराव झाला. पण ऐन वेळी आजी एका डोळ्यावर पट्टी बांधून स्वतःच सिरिंज घेऊन उभी राहिली. संत्री वाया गेली नाहीत, शेजाऱ्यांनी खाल्ली. आता घरात ते काम येणारी बातमी एकटीच उरली होती.

"तू जाऊन बघ," वडील हलक्या आवाजात म्हणाले. घरात आता सगळेच हलक्या आवाजात बोलत होते. "पण गोड बोल हं. दुखावू नकोस त्यांना."

बातमीने औषध सिरिंजमध्ये भरलं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणला, मात्रा दोनदा पाहिली. आणि टिचकी मारता मारता तिच्या ध्यानात आलं, की सगळं घर चुकतंय.

आजी आयुष्यात कुणाला "दुखणार नाही" म्हणाली नव्हती. "दुखणार नाही म्हटलं, की माणूस दुखायची वाट बघत बसतो," असं तिचं मत. वॉर्डात सुई टोचण्याआधी ती भांडण काढायची. एका मुख्याध्यापकांना तिने विचारलं होतं, "हा शर्ट बायकोने निवडला की शत्रूने?" ते तावातावाने उत्तर द्यायला लागले, तोवर ही कापूस दाबून पुढच्या खाटेवर पोचलेली. आजोबांशी तर ती रोज दोन वेळा, जेवणाआधी, नेमाने भांडायची. घरच्यांना तो त्यांचा स्वभाव वाटायचा. ते इंजेक्शन होतं.

पण बातमीला भांडता कुठे येत होतं? शाळेत तिची खोडरबरं चोरणाऱ्या मुलींनाही तिने धन्यवाद दिले होते.

ती खिडकीशी गेली. आजोबांनी सिरिंज पाहिली आणि सदरा दोन्ही हातांनी धरला.

"आजोबा," ती म्हणाली. तिला माहीत असलेलं सगळ्यात वाईट वाक्य ती मनात शोधत होती. "एक विचारू? आजीचा हात जडच होता ना?"

स्वयंपाकघरात पातेलं पडलं.

आजोबांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"जड होता. रुग्ण घाबरायचे म्हणे तिला. वॉर्डातले लोक तोंडावर बोलायचे नाहीत इतकंच."

"कोण म्हणतं?" आजोबांचे हात सदऱ्यावरून सुटून हवेत गेले. "कुठला गाढव म्हणतो? अगं कार्टे, मी स्वतः पडलो होतो त्या वॉर्डात! पूल तपासताना खाली आलो, पाय मोडला. ही आली ट्रे घेऊन. म्हणाली, 'पाय घसरला, की सासऱ्याने ढकललं?' मी म्हटलं, 'बाई, तोंड सांभाळून बोला, माझं लग्न झालेलं नाही!' तर म्हणते, 'हेच विचारायचं होतं. इंजेक्शन झालं.' मला पत्तासुद्धा नाही! आणि तू म्हणतेस जड हात? रेडिओवर वाचतेस म्हणून काय वाट्टेल ते..."

"झालं, आजोबा."

"काय झालं?"

बातमीने कापूस दाबून धरला होता.

आजोबांनी पोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लबाड," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बातमी त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिचा तो इस्त्रीचा आवाज पार चुरगळून गेला. दारात वडील 'गोड बोल म्हटलं होतं ना' अशा चेहऱ्याने उभे होते. आईने त्यांना मागे ओढलं आणि ताट वाढायला घेतलं, कारण इन्सुलिननंतर जेवण थांबत नाही, रडणं थांबू शकतं.

आजोबा जेवायला बसले. बातमी शेजारी बसून ते किती खातात ते बघत होती. बाकीचे उठल्यावर त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं.

"दुखलं मला मघाशी. चांगलंच दुखलं."

"सॉरी, आजोबा. उद्या जपून देईन."

"तिचंही दुखायचं," आजोबा अगदी हळू म्हणाले. "वॉर्डातलं ते पहिलं सोड, पण पुढे रोज. इतकी वर्षं. जडच होता हात." त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. "पण हे तिला कळू देऊ नकोस."

"नाही कळू देणार," बातमी म्हणाली, आणि तिने त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.