पुढच्या मंगळवारची तार

पाच वाजता मला सांगून आलेल्या मुलाच्या आईचा फोन येणार होता आणि त्याआधी आत्याला मी हो किंवा नाही सांगायचं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. "तेहतीस पूर्ण झाली तुला, आता किती नखरे?" आत्या म्हणाली. गॅरेज तिचं, गाड्यांच्या वायरिंगचं काम माझं. नखरेबिखरे काही नव्हते हो! मला दुसराच एक जण हवा होता, आणि त्या शहाण्याच्या तोंडाला कुलूप होतं.

तो शहाणा म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला. मंगळवारी त्याचं दुकान बंद, म्हणून दर मंगळवारी गाडी घेऊन हजर. कधी हॉर्न वाजत नाही, कधी वायपर हलत नाही. मी दुरुस्त करायची, तो स्टुलावर बसून बघायचा, "छान" म्हणायचा आणि निघून जायचा. चार महिने हेच! एवढ्यात माणसं लग्न करून भांडायलासुद्धा लागतात.

आज म्हणाला, "लांबून रिमोटनं गाडी चालू होते ना, ते बसवायचंय. उन्हात फार तापते." साडेतीन वाजले होते. या कामात एकानं किल्ली फिरवायची आणि दुसऱ्यानं तारा तपासायच्या. मी त्याला शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगखाली उताणी शिरले. डोकं पेडलांपाशी, पाय दाराबाहेर. लग्न ठरायच्या दिवशी काय पण थाट!

तारांच्या रंगावर मी कवडीचा विश्वास ठेवत नाही. मधल्या कुठल्या मेकॅनिकनं काय जोडलंय देव जाणे. मी मीटर लावते.

"किल्ली बंद आहे ना?" मी विचारलं.

"बंद."

पहिल्या तारेत तरीही करंट, म्हणजे ही बॅटरीची. पुढची तार किल्ली फिरवल्यावर जागी झाली. "आता स्टार्ट करा," मी म्हटलं. गाडी घुरघुरली, तार तशीच जिवंत राहिली. ही इग्निशनची. तिसरीनं नेमकं स्टार्ट करतानाच अंग टाकलं, ती रेडिओ-पंख्याची. चौथी एरवी मेल्यासारखी आणि फक्त स्टार्टच्या वेळी जागी, म्हणजे स्टार्टरची. चारही सापडल्या! मला असला आनंद होतो ना, की गाणं म्हणावंसं वाटतं. म्हटलंही थोडं. वरून "छान" आलं. डोंबल छान! घड्याळात साडेचार.

राहिली ब्रेकची. रिमोटवर चालू झालेली गाडी ब्रेकवर पाय पडताच बंद व्हायला हवी, नाहीतर चोराची चंगळ. ती शोधायला पेडलामागे टॉर्च मारला आणि बघते तर आतल्या दिव्याची तार कापलेली. ताजी, एकदम स्वच्छ. आणि दोन्ही टोकांवर शॉर्ट होऊ नये म्हणून काय चढवलं होतं माहितीये? चष्म्याच्या काडीला कानामागे लावतात ते रबर! जोडीनं, नीट बसवून.

"हे काय आहे हो?" मी खालूनच विचारलं.

 वरून अगदी बारीक आवाजात, "ते पुढच्या मंगळवारचं होतं."

"आणि हॉर्न? वायपर?"

"तेही मीच."

मला इतकं हसू आलं की डोकं स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटलं. मग रागही आला. चार महिने मी याचीच कापाकापी सांधत होते! "अहो, तोंड दिलंय ना देवानं? वीस मिनिटांत माझं दुसरीकडे ठरतंय!"

किल्ली त्याच्या हातातून पडली, ती नेमकी माझ्या कपाळावर. "मला रोज यायचंय," तो म्हणाला. "गाडीत आता कापायला काही उरलं नाही. लग्न चालेल का?"

रागारागानं मी तीच तार सांधायला घेतली होती, हातात तापलेली सोल्डरची सळई, तोंडात टेप. उत्तर द्यायच्या आत आत्याच्या चपला वाजल्या. फोन वाजला होता, तोही पाचाच्या आधी! "बाई बोलताहेत, काय सांगू?" आत्या त्याच्या बाजूच्या खिडकीशी येऊन म्हणाली.

आणि त्या एका शब्दाच्या माणसानं खिडकीतून बाहेर हात घालून आत्याचा फोनच काढून घेतला. "नमस्कार," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "तुमचा मुलगा फार चांगला आहे असं ऐकलंय. पण ही माझ्याशी लग्न करतेय."

आत्या मटकन टायरवर बसली.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याचा चेहरा पडला. "मुलीला विचारलंय का म्हणताहेत," तो म्हणाला आणि त्यानं फोन खाली, माझ्या तोंडापाशी धरला. 

मी टेप थुंकली.

"काकू, माफ करा," मी ओरडले, "मी यालाच हो म्हणतेय!"