गुडघ्याचं निमित्त

गुडघ्यावर मलम चोळताना बहिणीच्या पत्राची आठवण झाली, आणि म्हाताऱ्या ग्रंथपालाचा हात उगाच जोरात फिरू लागला. मेहुणे गेल्यावर तिनं लिहिलं होतं, 'घर खायला उठतं रे दादा. थोडे दिवस येऊन राहा. बोलायला नको, समजवायला नको, नुसता बस.' उत्तर अजून गेलं नव्हतं.

नुसतं बसणं! चार माणसांत तेवढंच तर त्याला जन्मात जमलं नव्हतं. सांत्वनाला येणाऱ्यांच्या गर्दीत आपण कोण, कशाला? तेवढ्यात गुडघा धरला. देवासारखा धावून आला म्हणायचा.

जेवताना सून शाळेतलं सांगत होती. ती तिथं मुलांची समुपदेशक.

"गटात काम करायचं म्हटलं की एका पोरीचं पोट दुखतं. बाई म्हणतात, नाटकं."

"असतील. मीही करायचो," मुलगा म्हणाला.

"तू अजूनही करतोस. तिचं खरंच दुखतं रे. पण का दुखतं यापेक्षा दुखून काय साधतं ते बघायचं. आपल्याला कुणी घेणारच नाही, असं धरून बसलीय. पोट दुखलं की ते खरं की खोटं, कळायची वेळच येत नाही."

टेबलाखाली गुडघ्यावर असलेला हात ग्रंथपालानं हळूच उचलून ताटाशेजारी ठेवला. तिथं तो आणखीच उघडा पडला.

"मग काय केलंस?" त्यानं मान खाली घालून विचारलं.

"म्हटलं, दुखऱ्या पोटानं ये. रंगाच्या वाट्या धरायला कुणीतरी लागतंच."

"बाबा," मुलगा म्हणाला, "आत्याला फोनवर तुमच्या गुडघ्याचं सांगू का? बिचारी वाट बघत असेल. समजून घेईल ती."

समजून घेईल. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नको. मी लिहितो."

पहिल्या कागदावर गुडघाच आला, डॉक्टरांसकट. तो फाडला. मग क्षमा मागायला गेला, तर तिचं दुःख ओळभर आणि आपली शरम पानभर झाली. तोही फाडला. शेवटी एवढंच उरलं: 'रविवारी येतो. गुडघा दुखतोय. तुझ्याकडेही दुखेल.'

"द्या, मी टाकते पेटीत," सून म्हणाली.

"असू दे." त्यानं काठी घेतली.

कोपऱ्यापर्यंत जाताना दोनदा भिंतीला टेकावं लागलं. पेटीच्या फटीत पाकीट धरून तो थांबला. ते परत घरी न्यायला एवढं दुखणं अगदी पुरेसं होतं.

मग त्यानं बोटं सोडली.