चाळिसाव्याआधीचे गाणे

मित्रांनो, माझ्यावर उभे राहून आजवर शेकडो माणसे बोलली. कुणी तासभर बोलले, कुणी तास संपला तरी थांबेनात. मी मात्र मुकाट्याने ऐकत राहिलो. आज थोडे मला बोलू द्या. मी एक जुना लाकडी मंच आहे. दक्षिण इजिप्तमध्ये, नाईलच्या पश्चिम काठावरच्या एका विद्यापीठाच्या सभागृहात माझे सारे आयुष्य गेले.

मला घडवले उस्ता रिझ्कने. उस्ता म्हणजे कारागिरांतला गुरू. त्याने पाइनच्या फळ्या एकेक करून उन्हात धरून पाहिल्या, वाकड्या निघाल्या त्या परत पाठवल्या आणि व्यापाऱ्याला अशा शिव्या दिल्या की मला माझ्या सरळपणाचा अभिमानच वाटला. मी पुरा झाल्यावर तो आपल्या जाडजूड देहानिशी माझ्यावर उड्या मारत सुटला. मग घाम पुसत म्हणाला, "आता यावर गाढवं नाचवा नाहीतर मंत्री. हा हलायचा नाही."

गाढवे काही आली नाहीत. बाकी सगळे आले. विद्यापीठात सभागृह एकच, त्यामुळे मला अठरापगड कामे करावी लागत. वसंतात कलाशाखेच्या मुलांचे प्रदर्शन भरे. माझ्यावर लाकडी फलक उभे करून त्यांवर चित्रे टांगत, खाली हातमागाचे गालिचे अंथरत. त्या दिवसांत मी जीव मुठीत धरून असे, कारण माझी एक फळी कुरकुरली तरी चित्रे हलत. संध्याकाळी मुलींच्या गायनवृंदाचा सराव चाले. दुपारी पडदे ओढून, दाराला आतून कडी लावून कॅप्टन शाहिनाजचा व्यायामाचा वर्ग भरे. आमच्याकडे व्यायाम शिकवणाऱ्याला कॅप्टनच म्हणतात, मग ती बाई असो की बुवा. कॅप्टन उंच, खणखणीत आवाजाची. तिच्या मुली एकदम उड्या मारू लागल्या की माझ्या पोटातली वर्षानुवर्षांची धूळ वर येई.

आणि नेमके तेव्हाच, सोमवारी, डॉक्टर हिल्मींच्या व्याख्यानाची वेळ होई. ते इतिहास शिकवत. त्यांचे सोमवारचे व्याख्यान सर्वांना खुले असे. निवृत्त स्टेशनमास्तर येत, दुकानदार येत, आमचा पहारेकरी अम्म बरसूम दाराशी स्टूल टाकून बसे. अम्म म्हणजे काका. सगळे विद्यापीठ त्याला काकाच म्हणे. वर्ग सुटून कडी निघाली की डॉक्टर दारात उभे राहून नाकाला रुमाल लावत.

"कॅप्टन, आज माझं व्याख्यान फराओंवर आहे, भूकंपावर नाही!"

"मग बरंच आहे की डॉक्टर," कॅप्टन हातातली शिटी फिरवत म्हणे. "तुमच्या समोर जे घोरतात ना, त्यांना जागं ठेवायला ही धूळच कामाला येते."

या भांडणात सर्वांत जास्त हसे ती डॉक्टरांची बायको, सित्त एनायात. सित्त म्हणजे बाई. ती दर सोमवारी नवऱ्याबरोबर येई, पहिल्या रांगेत बसे, थर्मासमधून बडीशेपेचा गरम काढा त्यांच्या घशासाठी ओतून देई. त्यांना मूलबाळ नव्हते. गायनवृंदातल्या मुलींना ती घरची बसबूसा, म्हणजे रव्याची पाकातली वडी, आणून खाऊ घाली आणि वर दटावी, "खाऊन झाल्यावर पाणी पिऊ नका, आवाज बसेल." एक गोष्ट मात्र डॉक्टरांना ठाऊक नाही असे आम्ही सगळे समजत होतो. गुडघे दुखतात म्हणून सित्त एनायातने कॅप्टनच्या सोमवार सोडून इतर दिवशीच्या वर्गात नाव घातले होते. ज्या धपधपीवर नवरा चिडे, त्यात बायकोचीही दोन पावले होती. मी ती ओळखत होतो. माझ्यावरची सर्वांत हलकी पावले तीच होती.

त्या वसंतात शुरूक नावाची मुलगी गायनवृंदात पुढे उभी राहून गाई. मल्लवी गावच्या उसाच्या रसवाल्याची, हाजी सब्रीची ती मुलगी. शेवटचे वर्ष. परीक्षा झाल्या की क्वेनाला चुलतभावाशी तिचे लग्न ठरले होते. बापाने एकदाच परवानगी दिली होती: वर्षअखेरच्या कार्यक्रमात, घरच्या माणसांसमोर, एकदाच गायचे आणि मग ते संपले. त्या एका संध्याकाळसाठी ती रोज सराव संपल्यावरही एकटी थांबे. लोकांनी भरलेले सभागृह माझ्यावर उभे राहून तिने कधी पाहिलेच नव्हते. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून ती गाई, आणि मला तिच्या टाचांतला कंप कळे.

कार्यक्रम दहा-बारा दिवसांवर आला होता, तेव्हा सित्त एनायात गेली. सकाळी पाव आणायला म्हणून उठली आणि स्वयंपाकघरातच कोसळली. अम्म बरसूमने येऊन सांगितले तेव्हा कॅप्टनचा वर्ग चालू होता. कॅप्टन माझ्या काठावर मटकन बसली आणि तिने तोंडाला ओढणी लावली. मुली रडत होत्या. मी लाकूड आहे, पण तेव्हा मला लाकूड असल्याचे पहिल्यांदाच वाईट वाटले.

मित्रांनो, आमच्याकडे एक रीत आहे. कुणाच्या घरी दुःख झाले की आजूबाजूचे रेडिओ बंद होतात. ठरलेली लग्नेसुद्धा चाळिसावा दिवस होईपर्यंत पुढे जातात. मधे काही करायचेच असेल, तर ज्याच्या घरचे माणूस गेले त्याने स्वतः येऊन म्हणावे लागते, "तुमचा आनंद थांबवू नका." तेही आपण होऊन. त्याला विचारायला जाणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. रीत चांगली आहे. मी तिला नावे ठेवत नाही.

पण चाळिसावा पडत होता परीक्षेनंतर. तोवर विद्यापीठाला सुट्टी लागलेली आणि शुरूक क्वेनाला गेलेली असणार. त्या संध्याकाळी मुली माझ्यावर गोल करून बसल्या. एक म्हणाली, "कॅप्टन, तुम्ही डॉक्टरांच्या कानावर घालून तर बघा. ते नाही म्हणायचे नाहीत."

कॅप्टन तिच्यावर कडाडली. "काय कानावर घालू? घरात अजून शोकाची बिनसाखरेची कॉफी फिरतेय, आणि मी जाऊन विचारू की आम्ही गाऊ का? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!"

"पण शुरूकचं काय?"

सगळ्या शुरूककडे बघू लागल्या. ती हळूच म्हणाली, "माझं काही नाही. सित्त एनायातच्या हातचं खाल्लंय मी. गाणं काय, मनात म्हणता येतं." मग सगळ्या निघून गेल्यावर ती माझ्यावर पालथी पडून रडली. मी काय करू शकत होतो? ती उठेपर्यंत मी एकही फळी वाजू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह बंद झाले. प्रदर्शनाच्या चित्रांवर चादरी टाकल्या, व्यायामाचा वर्ग थांबला, व्याख्यान तर नव्हतेच. अम्म बरसूम चपला हातात घेऊन चाले. मी घडल्यापासून एवढी शांतता कधी ऐकली नव्हती.

त्यानंतरच्या सोमवारी दार उघडले. डॉक्टर हिल्मी आले. काळा टाय, दाढी वाढलेली, हातात काही नाही. अम्म बरसूम धावला. कॅप्टन शेजारच्या खोलीत गालिचे गुंडाळत होती, तीही आली. मदतीला असलेली शुरूक तिच्यामागे उभी राहिली.

"उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, डॉक्टर," कॅप्टन खाली बघून म्हणाली. आमच्याकडे सांत्वनाचे शब्द हेच.

"तुम्हालाही लाभो." त्यांनी सगळीकडे पाहिले. "आज वर्ग नाही?"

"नाही."

"आणि या चादरी कसल्या? चित्रं मेली का?"

"डॉक्टर, तुमच्या मानासाठी... चाळिसावा होईपर्यंत आम्ही सगळं बंद ठेवलंय. कार्यक्रमसुद्धा."

डॉक्टर पहिल्या रांगेतल्या खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. "तीन दिवस माझ्या घरात माणूस मावत नव्हता," ते म्हणाले. "चौथ्या दिवसापासून चिटपाखरू फिरकलं नाही. वरच्या मजल्यावरचे लोक चोरासारखे जिना उतरतात. खालच्याने रेडिओ बंद केलाय. सगळे मान देतायत मला. त्या मानाने घर गच्च भरलंय, श्वास घ्यायला जागा नाही. म्हटलं, सोमवार आहे, ती बाई पोरींना नाचवत असेल, जरा धूळ नाकात जाईल, दोन शब्द भांडता येतील. तर इथेही तुम्ही माझं घर आणून ठेवलंत! आता मी जाऊ कुठे?"

 मग कॅप्टनला राहवले नाही. "डॉक्टर, एक सांगायचं राहिलंय. सित्त एनायात माझ्या वर्गात..."

"माहीत आहे मला." ते पहिल्यांदा किंचित हसले. "पहाटे दिवाणखान्यात सराव करायची. मी झोपेचं सोंग घेऊन पडायचो. तिला वाटायचं, मला कळत नाही." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. अम्म बरसूमने त्यांचा हात धरला आणि दोघे म्हातारे तसेच उभे राहिले.

मग डॉक्टरांनी डोळे पुसून विचारले, "कार्यक्रम कधी होता?"

"गुरुवारी."

"गुरुवारीच करा. मी सांगतोय, तुम्ही विचारलेलं नाही. तुमचा आनंद थांबवू नका."

कॅप्टनने मान डोलावली, पण शुरूक जागची हलली नाही. ती म्हणाली, "आता माझे बाबाच ऐकायचे नाहीत, डॉक्टर. कबरीची माती ओली असताना हाजीची पोर गायली, असं गाव म्हणेल. सासरची माणसं काय म्हणतील?"

डॉक्टरांनी टाय सारखा केला. मग अम्म बरसूमला म्हणाले, "चल रे. मल्लवीची गाडी कुठून सुटते?"

तिथे काय झाले ते मला अम्म बरसूमकडूनच कळले. हाजी सब्री रस काढत होता. काळ्या टायमधला माणूस दुकानाशी उभा राहिलेला पाहून त्याने यंत्र बंद केले आणि हात धुऊन सांत्वनाला पुढे आला. डॉक्टर म्हणाले, "हाजी, मी सांत्वन घ्यायला आलो नाही. माझी बायको तुमच्या मुलीचं गाणं ऐकणार होती. ती आता येऊ शकत नाही. गुरुवारी तुम्ही माझ्या शेजारी बसाल का? मला एकट्याने जाववणार नाही." आमच्याकडे शोकातला माणूस दारी येऊन काही मागतो, तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही. हाजी सब्री एवढेच म्हणाला, "बसेन. पण आधी रस प्या."

गुरुवारी सभागृह भरले. चित्रांवरच्या चादरी काढल्या होत्या. कॅप्टनच्या मुलींनी कवायत केली, पण पावले दबकून टाकली. लोक आखडून बसले होते. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळत नव्हते. डॉक्टर आणि हाजी सब्री पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसले. मग शुरूक पुढे आली. तिच्या टाचा माझ्यावर टेकल्या. त्या दिवशी त्यांत कंप नव्हता.

तिने नदीचे एक जुने गाणे म्हटले. नवऱ्याची नाव पलीकडच्या काठाला गेली आहे, आणि अलीकडून बायको हाक मारते आहे. कुणी निवडले होते ते गाणे? खूप आधीच निवडलेले होते, त्यात कुणाचा दोष नाही. पण ते सुरू होताच सभागृहातल्या बायकांनी ओढण्या डोळ्यांना लावल्या, आणि कॅप्टनने पडद्याआड कपाळावर हात मारला. शुरूक थांबली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गायली.

गाणे संपले. सगळे सभागृह डॉक्टर हिल्मींकडे पाहू लागले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, गालांवरून पाणी वाहत होते, आणि ते पुसतही नव्हते. शेजारी हाजी सब्री श्वास रोखून बसला होता. शुरूकचा चेहरा पांढरा पडला.

डॉक्टरांनी मान वर केली आणि म्हणाले, "पुन्हा."

हाजी सब्रीने वळून त्यांच्याकडे पाहिले. मग तो रसवाला, ज्याने मुलीला एकदाच गायची परवानगी दिली होती, स्वतः मोठ्याने म्हणाला, "पुन्हा म्हण, बेटा!" आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

शुरूक लग्न होऊन गेली. नंतर कुठल्या मंचावर ती गायली असे माझ्या ऐकिवात नाही. डॉक्टर हिल्मी पुढच्या सोमवारपासून पुन्हा बोलू लागले आणि कॅप्टनशी भांडूही लागले. आता माझ्या जागी चकचकीत फरशी बसवली आहे. माझ्या फळ्या सभागृहामागे खजुरांखाली रचून ठेवल्या आहेत. वरची ताडपत्री एका बाजूने सरकली आहे. ती कुणी नीट केली तर माझे दिवस थोडे वाढतील. जुनी वस्तू टाकायला वेळ लागत नाही, जपायला थोडे मन लागते.

पण मित्रांनो, माझे खरे मागणे त्याहून वेगळे आहे. तुमच्या शेजारी कुणाचे माणूस गेले, तर आवाज जरूर कमी करा. तीन दिवस सगळेच जातात, तुम्हीही जा. आणि चौथ्या दिवशी, जेव्हा कुणी जात नाही, तेव्हा पुन्हा जा.