पाच बोटांचा सौदा

"व्हय व्हय, ऐकायलोय की! बोला तुमी, बोला!"

काचेच्या केबिनमध्ये व्यंकटीकाका ओरडत होते आणि बाहेर माझ्या टेबलावरचं मीटर शून्यावर होतं. हैदराबादचा फोन लागलाच नव्हता. एसटीडी बूथवाल्याला लोकांची बरीच गुपितं कळतात. मला त्या दिवशी कळलं, की काका ठार बहिरे झालेत.

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, राधाकिशन शेठच्या अडत दुकानावर त्यांनी बत्तीस वर्षं दलाली केली, तीही तोंड मिटून. भाव बोलायचा नाही. खरेदीदाराचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि बोटं दाबायची. पाच बोटं म्हणजे पाच, पन्नास की पाचशे, हे सांगावं लागत नाही. माल बघितला की ज्याचं त्याला कळतं. असल्या धंद्यात कान हवेत कुणाला? बाकी वेळ काका समोरच्याचे ओठ बघून मारून न्यायचे.

मग सेलूतून थेट परगावी फोन लागायला लागले. मी हौसेनं बूथ टाकला. वीस वर्षं स्वतः येऊन काकांच्या रुमालाखाली हात घालणाऱ्या हैदराबादच्या डाळमिलवाल्यानं निरोप धाडला, की आता येत नाही, सौदा फोनवरच करू. माझ्या पोटाची सोय झाली आणि काकांच्या पोटावर पाय आला. ते मला आजही टोचतं.

त्या दिवशी काका केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"माणिकराव, कुनाला सांगू नगा. शेठ म्हनले, उद्यापत्तुर तुरीचा सौदा जमव, न्हाई तर पुतन्या बसंल तुझ्या जागी. दोन लेकी उजवायच्या हायेत. या वयात मला कोन उभं करंल?"

दुसऱ्या दिवशी ते थोरल्या लेकीला घेऊन आले. दैवशाला तिचं नाव. दहावी झालेली, अंगानं काडी, पण डोळे धीट. काकांनी तिला केबिनमध्ये पढवलं.

"बोलू नगंस, ओठबी हलवू नगंस, काचंतनं दिसतंय. भाईर मोंढ्याची मान्सं हायेत. त्यो क्विंटलला सातशेवर जितकं म्हनंल, तितकी बोटं दाब. बास."

किती भावाखाली माल सोडायचा नाही, हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही. दलाल आपला खालचा भाव देवालाही सांगत नाही, तिथं लेकीला काय सांगणार!

नंबर मीच फिरवून दिला. फोन पोरीच्या कानाला, बोलायचं टोक काकांच्या तोंडाकडं, आणि दोघांचे हात रुमालाखाली. मीटर पळायला लागलं. काकांनी सलाम घातला, मालाची तारीफ केली. पोरगी कान देऊन ऐकत होती. मग रुमाल हलला आणि काकांचा चेहरा असा उजळला की मलाच हायसं वाटलं.

"मंजूर!" काका गरजले. तिकडूनही मंजूर आलं आणि फोन ठेवला गेला.

"जमलं, माणिकराव! सातशे पन्नास! शेठनं तेवढंच सांगितलं हुतं."

दैवशाला पांढरीफटक पडली. "आबा, त्यो पाच म्हनला. सातशे पाच."

काका माझ्याकडं बघून हसतच होते, तिचे ओठ त्यांनी पाहिलेच नव्हते.

"पन्नास न्हाई, आबा! पाच! पाच!"

ती इतक्या जोरात किंचाळली की रांगेतली सगळी माणसं वळली. त्यांत शेठचा मुनीम होता. तो तसाच अडतीकडे चालू लागला.

तुरीच्या सौद्यात रुमालाखाली एक बोट दहाचं, पाच बोटं म्हणजे पन्नासच, हे मोंढ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पोरींना मोंढ्यात नेतं कोण? तिनं ऐकलं तेवढंच इमानानं दाबलं होतं.

"लावा, पुन्यांदा लावा," काका म्हणाले. आता त्यांनी तिचे ओठ वाचले होते. "लाईन खराब हुती म्हनू."

मी लावला. मीटर सुरू झालं. काकांनी फोन क्षणभर हातात धरला आणि न बोलता ठेवून दिला.

"मंजूर म्हनून आजवर फिरलो न्हाई. आता फिरलो तर हातात हात कोन देईल?"

अहो, आता तरी कोण देणार होतं! मला त्यांचा राग आला, खरंच आला, आणि रडूही आलं.

बापलेकीबरोबर मीही समोरच्या अडतीवर गेलो. काकांनी झालेलं सगळं आपल्या तोंडानं सांगितलं, कानांचंसुद्धा. शेठनं मान वर केली नाही. सुपारी कातरत ते पोरीला म्हणाले, "बापाला तुझ्या नीट सांग बाई. बत्तीस वर्सांची वळख हाय, नुकसान मी मागत न्हाई. पर उद्यापासून येऊ नगंस म्हनावं."

काकांना शेठचे ओठ दिसले नव्हते. त्यांनी लेकीकडं बघितलं. "काय म्हनले?"

दैवशाला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग एकेक शब्द ओठांनी सावकाश, स्वच्छ केला.

"उद्या लवकर या म्हनले, आबा."

शेठचा अडकित्ता थांबला. मग त्यांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली आणि मी चपला शोधू लागलो.

सकाळी साडेसातला मी बूथ उघडला, तेव्हा काका दाढी करून, धुवट धोतर नेसून अडतीच्या ओट्यावर बसलेले होते. आठ वाजता शेठचा पुतण्या आला आणि त्यांच्याकडं न बघता कुलूप काढून आत गेला. काका उठले, त्याच्या पाठीला रामराम केला आणि आतून हाक येईल म्हणून दाराशी उभे राहिले.