विंगेतला राजा

भिवाने पंचवीस वर्षं मुंबईत कामगारांच्या संगीत नाटकांतून राजे रंगवले, वन्स मोअर घेतले. पण स्वतःच्या गावात तो रंग लावून कधी उभा राहिला नव्हता. गिरणीच्या संपात नोकरी गेली आणि त्र्याऐंशी साली तो पावसजवळच्या गावी परतला. पन्नाशी आली होती, वरच्या सुरात दम टिकत नव्हता. एकदा तरी गावासमोर गायचं, एवढीच इच्छा उरली होती.

देवळाच्या उत्सवाचं नाटक तोंडावर आलं तसे कमिटीचे अध्यक्ष आप्पा स्वतः बौद्धवाडीत आले.

"भिवा, राजा आमचा काशीराम करतोय. दिसतो झकास, पण गळ्यात बेडूक! तू विंगेत उभा राहून गा, तो ओठ हलवील."

"मग राजा मीच करतो की, आप्पा."

"अरे, पडदा वर जाण्याआधी राजाने देवापुढे नारळ धरायचा असतो. तुम्ही छप्पन सालापासून देव मानत नाही. तुझा धर्म आम्ही कशाला बाटवू?"

वा रे न्याय! ज्या देवळाची पायरी भिवाच्या बापाला बंद होती, त्याच देवळाला आता भिवाच्या धर्माची काळजी!

आप्पा गेल्यावर भिवाची बायको चंपा कडाडली, "गळा पायजे आनि तोंड नको? जाव नुको."

"गावात एकदा गायचाय, चंपे."

"लपून?"

तरी भिवा गेला. कलावंताची भूक अशी लाचार असते. तिला हसणाऱ्याने आधी चार वर्षं न गाता राहून बघावं.

नाटक रंगलं. दुसऱ्या अंकात दरबाराचं पद आलं. विंगेत घामेजलेला भिवा डोळे मिटून गायला, बाहेर जरीच्या अंगरख्यात काशीरामने हात हलवले. आवाज कुणाचा हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तरी लोक ओरडले, "वन्स मोअर, काशीराम!"

भिवा पुन्हा गायला. पुन्हा टाळ्या. पुन्हा, "काशीराम, वन्स मोअर!"

पेटीवाल्याने सूर धरला. भिवाने तोंड उघडलं नाही. काशीराम नुसताच ओठ हलवत राहिला.

"गा ना रे!" आप्पा दात खाऊन पुटपुटले.

"वन्स मोअर त्याला दिलानी. त्यालाच गाऊं द्या."

भिवा विंगेतून उतरला. मांडवात हशा पिकला होता. खुर्च्यांमधून चालत तो पार मागे आला. तिथे कातळावर गोणपाटं टाकून त्याची वाडी बसली होती. चंपाशेजारी उभा राहून त्याने तेच पद उचललं. पेटी नाही, तबला नाही. काही माना वळल्या. काही जण "खाली बस!" म्हणून खेकसले. आप्पांनी पडदा पाडला. भिवा थांबला नाही. शेवटच्या वरच्या जागेला आवाज चरकन फाटला, तरी त्याने पद पुरं केलं.

"फाटला वो," चंपा हळूच म्हणाली.

"फाटूं दे," भिवा धापा टाकत बसला. "सगल्यांनी बघलानी ना, कोनाचा फाटला तो?"