अंगणातली गाडी आणि ओला कोबा

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं आणि आता ते दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवतात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो, तरी चहा येण्याआधी त्यांचा हात भिंतीवरून फिरलेला असतो. गिलावा पोकळ आहे, असं ते यजमानांना तोंडावर सांगतात आणि मी मान खाली घालून बिस्किट खाते.

त्यांची जुनी मालवाहू गाडी, म्हणजे जिच्यातून ते विटा-वाळू न्यायचे ती, आमच्या अंगणात गवतावर उभी असते. इंजिन केव्हाच विकलं. आम्ही दोघं कामाला जातो, रिकामं घर त्यांना खायला उठतं, म्हणून ते दिवसभर गाडीत बसतात. वर्तमानपत्र, चष्मा, उशी, सगळं तिथंच. ही गाडी गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय, हाच मला घोर लागला होता.

कारण नगरपालिकेची नोटीस आली होती. घराच्या आवारात वाहन पक्क्या जमिनीवरच उभं करावं. गवतावर नाही, गल्लीत तर नाहीच. पाहणी शुक्रवारी सकाळी, आणि नियमात न बसणारी गाडी तिथल्या तिथं उचलणार. ही नोटीस माझ्या नवऱ्यानं आठवडाभर खिशात घालून फिरवली आणि गुरुवारी बाहेर काढली. त्याच्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही.

सासऱ्यांनी लगेच बाह्या सरसावल्या. गाडी गल्लीत ढकलायला लावली, सिमेंट मागवलं आणि दुपारपर्यंत अंगणात असा कोबा घातला की बघत राहावं. आठ दिवस यावर मांजरसुद्धा चढता कामा नये, उद्या पाहणीला येणाऱ्या साहेबाला मी समजावतो, असं बजावून ते दमून झोपले.

साहेबाला समजावणार म्हणे. यांच्या समजावण्यानं आजवर माणसं फक्त चिडली आहेत. वरून कोबा सुकलेला दिसत होता. संध्याकाळी मी नवऱ्याला आणि शेजारच्या न्हाव्याला हाताशी धरलं आणि गाडी ढकलून कोब्यावर आणली. चारही चाकं सावकाश तीन बोटं आत गेली. बाहेर काढायला गेलो तर जास्तच रुतली. न्हाव्याला अचानक गिऱ्हाईक आठवलं.

सकाळपर्यंत कोबा चाकांभोवती घट्ट बसला होता आणि त्याला जागोजागी भेगा पडल्या होत्या. सासऱ्यांनी भेगा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं कबूल केलं. ते वाकून एकेका भेगेवरून बोट फिरवत राहिले, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तेवढ्यात तपासनीस आला. त्यानं गाडीला धक्का देऊन पाहिला, वाकून पाहिलं, नियमांची वही दोनदा चाळली. गाडी चुकून रुतली असेल, तर कोबा फोडून ती न्यावी लागेल, असं तो म्हणाला. मुद्दाम बसवली असेल, तर ते वाहन धरत नाहीत, अंगणातली बैठक धरतात, आणि बैठकीला परवानगी आहे. फक्त काम करणाऱ्यानं तसं लिहून द्यायचं, आणि तो कागद फोटोसकट कचेरीतल्या फलकावर महिनाभर लागणार.

त्या फलकासमोर सगळ्या शहरातले गवंडी परवान्यासाठी रांगेत उभे असतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं नाव घाला म्हटलं, तर तपासनीस म्हणाला, गवंडीच लागतो.

"मग हे काम कोणाचं?" त्यानं विचारलं.

सासऱ्यांनी रुतलेल्या चाकावर हात ठेवला.

"माझं. मुद्दाम केलंय."

"आणि या भेगा?"

"त्याही मुद्दाम."

त्यांनी सही केली, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. तपासनीस गेल्यावर मी माफी मागायला गेले, तर ते गाडीत जाऊन बसले होते. त्यांनी काच खाली केली.

"सून आहेस म्हणून," ते म्हणाले. "मजूर असतीस तर कालच घरी पाठवली असती."